घराबाहेरचे घर

मराठी भाषेत ‘घर’ हा शब्द लहान असला, तरी त्याचा अर्थ फार मोठा आहे. चार भिंती आणि त्यांवरचे छप्पर म्हणजे घर नव्हे. सोयरीक जुळवताना वडीलधारी माणसे ‘घर कसे आहे?’ असे विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात दगडमातीची इमारत नसते. त्या घरातील माणसे, त्यांच्या चालीरीती, त्यांचा लौकिक हे सारे त्या एका शब्दात सामावलेले असते. प्रत्येक मूल अशा एखाद्या घरात जन्माला येते. ते घर त्याने निवडलेले नसते. तरीही त्या घराचे नाव त्याला आयुष्यभर लागते.

शाळेत गेल्यावर मात्र पुष्कळ मुलांना आणखी एक घर मिळते. या घराला भिंती नसतात, अंगण नसते आणि चूलही नसते. छातीवर लावलेला तांबडा, निळा, हिरवा किंवा पिवळा बिल्ला हीच त्याची खूण. शाळेत त्याला ‘हाऊस’ म्हणतात. कोठे ‘गृह’ म्हणतात, तर कोठे ‘कुल’. ज्याला ना दार ना खिडकी, अशा या विद्यार्थिसमूहाला घराचे नाव का मिळाले असावे?

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन हे गाव आहे. दिवेआगरचा समुद्रकिनारा तेथून जवळच आहे. किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या, आत भातखाचरे आणि त्यांपलीकडे डोंगर, असा हा सारा मुलूख. अशा ठिकाणची माध्यमिक शाळा एकट्या गावाची नसते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुले तेथे येतात. कोणी पायी, कोणी एस. टी. ने. कोणाच्या घरी सुपारीची वाडी असते, कोणाचे वडील होडी घेऊन समुद्रावर जातात, कोणाचे दुसऱ्याच्या शेतावर राबतात, तर कोणाचे मुंबईस नोकरीला असतात.

अशी मुले नव्या शाळेत प्रथम एकत्र येतात, तेव्हा ती कशी बसतात हे पाहण्यासारखे असते. एका आळीची मुले एका बाकावर बसतात आणि एका वाडीची मुले दुसऱ्या बाकावर. मधल्या सुट्टीत डबेही त्याच ओळखीने उघडतात. यात कोणाचा दोष नाही. परक्या जागी माणूस ओळखीचा चेहराच आधी शोधतो. पण शाळेची सारी वर्षे अशीच गेली, तर मुलांच्या हाती काय लागेल? घरून येताना जी ओळख आणली, तीच घेऊन ती परत जातील.

म्हणून काही शाळांतून हजेरीपटावरील क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांची गृहांत वाटणी करतात. पहिला तांबड्यात, दुसरा निळ्यात, तिसरा हिरव्यात, चौथा पिवळ्यात. ही वाटणी गाव विचारीत नाही, जात विचारीत नाही आणि वडिलांची मिळकतही विचारीत नाही. वाडीवाल्याचा मुलगा आणि खलाशाचा मुलगा एकाच बाजूने दोर ओढू लागतात. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ती इतकी साधी होण्यासाठी पुष्कळ काळ जावा लागला आणि पुष्कळांना कष्ट सोसावे लागले.

या पद्धतीचा उगम इंग्लंडमध्ये झाला. तेथील ईटन नावाच्या गावी सहाव्या हेन्री राजाने १४४० साली एक विद्यालय स्थापन केले. सत्तर गरजू विद्यार्थ्यांना विनामूल्य शिक्षण मिळावे, अशी त्याची योजना होती. हे विद्यार्थी विद्यालयाच्या वास्तूतच राहत. पुढे विद्यालयाची कीर्ती पसरली आणि दूरदूरचे पालक आपली मुले तेथे पाठवू लागले. त्यांना आत जागा नव्हती. म्हणून ती मुले गावातील घरांतून पैसे देऊन राहू लागली. लॅटिन भाषेत नगराला ‘ऑपिडम’ असा शब्द आहे. त्यावरून गावात राहणाऱ्या या विद्यार्थ्यांना ‘ऑपिडन’ असे नाव पडले आणि ते आजही प्रचारात आहे.

ही घरे आरंभी बहुधा गावातील प्रौढ स्त्रिया चालवीत. पुढे शिक्षकांनीच ती आपल्याकडे घेतली. तेव्हाचे ‘हाऊस’ हे खरोखरीचे घर होते. तेथे चूल पेटत असे, पंगत बसत असे आणि आजारी मुलाच्या उशाशी कोणी ना कोणी जागत असे. एका छपराखाली वाढलेल्या मुलांना आपल्या घराचा अभिमान वाटू लागला. मग एका घराचा संघ दुसऱ्या घराच्या संघाशी मैदानावर झुंजू लागला. शाळेतील गृहांचा आणि त्यांच्यातील चुरशीचा आरंभ असा झाला.

पण जेथे घर आले, तेथे घरातील थोरल्यांची सत्ताही आली. मोठी मुले धाकट्यांकडून आपली कामे करून घेत आणि प्रसंगी त्यांना मारहाणही करीत. रग्बी येथील शाळेतील अशा जीवनाचे चित्र टॉमस ह्यूज या लेखकाने १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत रेखाटले आहे. त्या शाळेत १८२८ ते १८४२ या काळात टॉमस आर्नल्ड हे मुख्याध्यापक होते. त्यांनी वरच्या वर्गातील मुलांचा अधिकार काढून घेतला नाही. उलट त्या अधिकाराला जबाबदारीची जोड दिली. शाळेतील वर्तनाबद्दल ते या मुलांनाच उत्तरदायी धरीत. विद्यार्थ्यांची घरे त्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली आणली. धाकट्यांना धाक दाखवणे सोपे असते, त्यांची जबाबदारी घेणे अवघड असते. आणि जो हे अवघड काम करतो, तोच खरा थोरला, असा या सुधारणेचा मथितार्थ होता. आजच्या शाळांतील गृहप्रमुख विद्यार्थी हा याच विचाराचा वारस आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या शाळांतील मुले रोज संध्याकाळी आपापल्या घरी जात, त्या शाळांनीही ही पद्धत उचलली. तेथे राहण्याची घरे नव्हती. म्हणून विद्यार्थ्यांचे गट पाडून त्यांनाच गृहे म्हणू लागले. घर गेले आणि नाव मागे राहिले. पण नावाबरोबर आपलेपणाही मागे राहिला.

हिंदुस्थानात ही पद्धत राजपुत्रांच्या विद्यालयांतूनही आली. राजकोटचे राजकुमार कॉलेज १८७० साली सुरू झाले आणि अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ साली. मेयो कॉलेजात निरनिराळ्या संस्थानांनी आपापल्या राजपुत्रांसाठी स्वतंत्र वास्तू बांधल्या. जोधपूरचा विद्यार्थी जोधपूरच्या घरात राही आणि जयपूरचा जयपूरच्या घरात. मुलगा शिक्षणासाठी घराबाहेर पडला खरा. परंतु त्याचे घर त्याच्या मागोमाग तेथेही येऊन उभे राहिले!

राजकोटच्या विद्यालयात महाराष्ट्रातील एक विद्यार्थी होता. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज ते हेच. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. खेड्यापाड्यांतील मुले शिकत का नाहीत, याचा त्यांनी विचार केला. त्यांच्या ध्यानात आले, की शहरात शाळा असून भागत नाही. दहा कोसांवरून येणाऱ्या मुलाने रात्री डोके कोठे टेकायचे आणि दोन वेळा जेवायचे कोठे, हा पहिला प्रश्न आहे. म्हणून १८९६ साली त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. परंतु त्या काळी जातिभेदाची बंधने इतकी कडक होती, की एका पंगतीला बसणे तर दूरच, एका छपराखाली राहणेही लोकांना रुचत नसे. सर्वांसाठी काढलेले ते वसतिगृह सर्वांचे होऊ शकले नाही.

महाराज निराश झाले नाहीत. एकत्र राहण्यास लोक तयार नसतील, तर निदान प्रत्येक समाजाच्या मुलांची राहण्याची सोय व्हावी, असे त्यांनी ठरवले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी त्यांना जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्ने लावून दिली. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात, ते यामुळेच. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाटीला हात लावला नव्हता, त्या घरांतील मुले शिकून बाहेर पडली. तरीही प्रत्येक मूल आपापल्या समाजाच्याच घरात राहत होते. भिंती अजून उभ्या होत्या.

त्या भिंतीला पहिला धक्का एका विद्यार्थ्याने दिला. भाऊराव पायगोंडा पाटील हे त्याचे नाव. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी कोल्हापुरास येऊन एका बोर्डिंगात राहत होता. १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले, की तू अस्पृश्यांमध्ये मिसळून आला आहेस, तेव्हा अंघोळ करून मगच भोजनगृहात ये. अंघोळ करण्यास कितीसा वेळ लागतो? चार तांबे पाणी अंगावर घेतले असते, तर प्रकरण तेथेच मिटले असते. पण माणसांना भेटल्याने माणूस विटाळतो, ही गोष्ट त्या मुलाच्या मनाला पटेना. त्याने अंघोळ करण्यास नकार दिला. त्याबद्दल त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांनी त्याला राजवाड्यात आश्रय दिला.

परक्या शहरात ज्याचे छप्पर जाते, त्याची काय अवस्था होते याची कल्पना करता येईल. पण त्या दिवशी दारातून बाहेर पडताना त्या मुलाने एक गोष्ट मनात साठवून नेली असली पाहिजे: ज्या घरात शिरण्यासाठी दुसऱ्या माणसाचा स्पर्श धुऊन टाकावा लागतो, ते घर पुरे घर नव्हे. हेच भाऊराव पुढे ‘कर्मवीर’ म्हणून ओळखले गेले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्यांनी आश्रय दिला होता, त्यांचेच नाव भाऊरावांनी आपल्या घराला दिले.

या घरात मराठा, महार, जैन, मुसलमान असा भेद नव्हता. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. तीच स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, शेतात राबत आणि अभ्यासही करीत. पैशाची चणचण नित्याचीच असे. एकदा मुलांच्या जेवणासाठी घरात काहीच उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र मोडून धान्य आणले. आपल्या पोटच्या मुलासाठी कोणतीही आई दागिना मोडील. लक्ष्मीबाईंनी तो परक्यांच्या मुलांसाठी मोडला, आणि ती मुले परकी राहिली नाहीत. इंग्रजीतील ‘बोर्डिंग हाऊस’ या दोन शब्दांचे साताऱ्यात जणू मराठी घर झाले.

त्याच सुमारास खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते. कोकणातील पालगड हे त्यांचे गाव. १९२४ ते १९३० या काळात तेथे असताना त्यांनी छात्रालयाचे कामही पाहिले. मुले वर्गात गेली, की त्यांच्या खोल्या झाडून ठेवाव्यात, कंदिलाच्या काचा पुसून ठेवाव्यात, असे त्यांचे मूक काम चाले. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. केर काढा, असे त्यांना मुलांना सांगावे लागत नसे. आपली खोली गुरुजींनी झाडलेली पाहून दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतःच केरसुणी शोधी. घराची शिस्त हुकमाने येते, त्यापेक्षा प्रेमाने अधिक लवकर येते, याचा हा दाखला होय.

स्वातंत्र्यानंतर गृहपद्धती आणखी पसरली. साताऱ्यातच २३ जून १९६१ रोजी देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. तेथील विद्यार्थ्यांच्या गृहांना महाराष्ट्रातील गडांची नावे दिलेली आहेत. इतर शाळांतूनही कोठे नद्यांची, कोठे थोर स्त्रीपुरुषांची, तर कोठे नुसत्या रंगांची नावे गृहांना असतात. नाव कोणतेही असो, व्यवस्था साधारण सारखीच असते. प्रत्येक गृहाला एक शिक्षक मार्गदर्शक असतो आणि एक विद्यार्थी प्रमुख असतो. कबड्डी, खो-खो आणि रस्सीखेच यांपासून वक्तृत्व, निबंध आणि वर्गस्वच्छता यांपर्यंत सर्व गोष्टींचे गुण गृहाच्या खात्यावर जमा होतात. वर्षाच्या अखेरीस ज्या गृहाचे गुण अधिक, त्याला फिरती ढाल मिळते.

या ढालीचे नाव ‘फिरती’ आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. ती एका घरी कायमची राहण्यासाठी नसते. परंतु कधीकधी चुरस इतकी वाढते, की खेळ बाजूला राहतो. प्रतिपक्षाचा गडी पडला तर टाळ्या पडतात, वर्गातील मैत्री बिल्ल्याच्या रंगावर ठरू लागते, आणि आपल्याच गृहातील दुबळ्या मुलाला ‘तुझ्यामुळे हरलो’ असे ऐकावे लागते. असे झाले म्हणजे ज्या भिंती पाडण्यासाठी हे घर उभारले, त्याच भिंती नव्या रंगाने पुन्हा उभ्या राहतात. मग जुन्या भेदांत आणि या भेदात फरक तो काय?

गृहाची खरी परीक्षा धावण्याच्या शर्यतीत होत नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलाला वक्तृत्वस्पर्धेसाठी कोण तयार करतो, गणितात मागे पडलेल्या मुलीला कोण शिकवते, नव्याने आलेल्या मुलाला जेवताना आपल्याजवळ कोण बोलावतो, या गोष्टींत ती परीक्षा असते. या कामांचे गुण फळ्यावर लिहिले जात नाहीत; पण घर तयार होते ते यांनीच. आणि हारल्यावर जिंकणाऱ्यांचे मनापासून अभिनंदन करणारे गृह ढालीवाचूनही मोठे ठरते.

हे शिक्षण शाळेच्या आवारापुरते राहत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर आणि बोर्ली पंचतनच्या परिसराला त्याचा मोठा तडाखा बसला. घरांवरची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले, आणि पिढ्यांनी राखलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून तिला फळ धरेपर्यंत कित्येक वर्षे जातात. तेव्हा वाडी गेली, म्हणजे केवळ एका वर्षाचे पीक गेले असे नव्हे. अशा संकटात एकट्या घराचे बळ पुरत नाही. वाटेवर पडलेले झाड उचलायला अनेक हात लागतात, आणि ते हात कोणत्या आळीतले आहेत हे विचारण्यास वेळ नसतो. लहानपणी निराळ्या वाडीतल्या, निराळ्या घरातल्या सोबत्याबरोबर ज्याने एक दोर ओढला असेल, त्याला अशा वेळी हाक मारण्यास संकोच वाटत नाही, आणि हाकेला ओ देण्यासही वाटत नाही.

जन्माचे घर माणसाला नाव देते, भाषा देते, माया देते. त्याचे ऋण फिटणारे नाही. परंतु त्या घराची माया तेथेच कोंडून ठेवण्यासाठी नसते. ती बाहेर कशी न्यावी, हे शाळेतील घर शिकवते. ईटनच्या गल्लीतील भाड्याच्या खोल्यांपासून साताऱ्याच्या एका पंगतीपर्यंत या शब्दाने पुष्कळ लांबचा प्रवास केला. त्या प्रवासात त्याने आपल्या भिंती एकेक करून सोडल्या. आज मुलाच्या छातीवर जो बिल्ला असतो, त्याचे वजन मासाभरही नसते. चिठ्ठी निराळी निघाली असती, तर त्याचा रंगही निराळा झाला असता. समोरच्या रांगेत उभा असलेला मुलगा केवळ एका चिठ्ठीमुळे समोर उभा आहे, एरवी तो शेजारीच उभा असता, एवढे ज्याला उमगले, त्याला ढाल मिळो वा न मिळो, गृहाने द्यायचे ते सारे त्याला मिळाले.